खळगा दिसतो, गोटा दिसत नाही



सकाळी महागणपतीचं दर्शन घेऊन मग इथे तुमच्या पदवीदान समारंभाला आलो. गाभारा माधवराव पेशव्यांनी बांधला आणि सभामंडप सरदार किब्यांनी, हे रांजणगावात कुणीही सांगेल. दगड कुणी घडवला, ते मात्र कुणाला ठाऊक नाही. आज मला अशा एका कारागिराबद्दल बोलायचंय, ज्याचं नाव थोडक्यात बचावलं.

त्याचं नाव गंगाराम चिंतामण तांबट. हा आपल्याच पुण्याचा, सवाई माधवरावांच्या काळातला चित्रकार. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुण्यात आला आणि गंगाराम त्याच्यासाठी चित्रं काढू लागला. तेव्हा कॅमेरा नव्हता. दूरच्या माणसाला एखादी जागा दाखवायची, तर कुणीतरी तिच्यासमोर बसून ती कागदावर उतरवावी लागे. गंगारामने पर्वती काढली. 1790 च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. पोथीत वर्णन केलेला किंवा ऐकीव असा तो गेंडा नाही. जाड कातडीच्या घड्या अंगावर वागवत समोर उभा असलेला आहे.

पुढे मॅलेटने त्याला वेरूळला पाठवलं. जरा विचार करा. कैलास लेणं डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलंय. तिथे उभं राहिलं की नजर ठरत नाही. त्यातून खांब, शिखर, हत्ती सगळं मापात धरून सपाट कागदावर आणायचं! गंगारामने ते केलं. मॅलेटने वेरूळवर लेख लिहिला आणि तो 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात छापून आला. लेखाखाली सही मॅलेटची, पण लेखातलं वेरूळ दिसत होतं ते गंगारामच्या चित्रांतून. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला, तेव्हा गंगारामने त्याच्याबरोबरही काम केलं. वेल्स 1795 मध्ये वारला. 1803 मध्ये लंडनला वेरूळच्या चोवीस दृश्यांचं देखणं पुस्तक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर दोन चित्रकारांची नावं आहेत, जेम्स वेल्स आणि थॉमस डॅनियल. गंगारामचं नाव तिथे नाही.

यात नवल काहीच नाही. ज्या कैलासासमोर बसून तो चित्रं काढत होता, त्याचीही हीच कथा. कैलास राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने खोदवला, असं आपण शाळेत शिकतो. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या एका ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. ते पाहून देव चकित झालेच, पण घडवणारा शिल्पीसुद्धा थक्क झाला, हे आपल्या हातून झालं कसं, म्हणून! त्या शिल्प्याचा अचंबा तांब्यावर कोरला गेला. त्याचं नाव कोरायचं मात्र राहून गेलं.

तुम्ही शिरूर तालुक्यातले. टाकळी हाजीचे रांजणखळगे तुम्ही सहलीत पाहिले असतील. कुकडीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेले ते रांजण कुणी कोरले? पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी. शेकडो नाही, हजारो वर्षं एकाच जागी गरगर फिरून. खळगा पाहायला लोक लांबून येतात. गोटा झिजून वाळू झाला आणि भीमेला मिळाला.

उद्या तुमच्यातले कितीतरी जण समोरच्या एमआयडीसीत लागतील. तुम्ही बनवलेल्या यंत्रावर कंपनीचं नाव असेल. तुम्ही रात्र जागून केलेला अहवाल साहेब बैठकीत वाचतील. तेव्हा राग येईल आणि तो यायलाच हवा. पण त्या रागापायी काम कच्चं ठेवू नका. मुखपृष्ठावर नाव येणार नाही म्हणून गंगारामने कैलासाचा एखादा खांब वेडावाकडा काढला असता, तर आज त्याला कुणी विचारलं नसतं. त्याची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत आणि अभ्यासक ती त्याच्या नावानिशी पाहतात. कारण काम चोख होतं, आणि मॅलेटच्या संग्रहाबरोबर त्याचं नावही जपलं गेलं.

या दोन कारणांपैकी पहिलं तुमच्या हातात आज आहे. दुसरं आणखी काही वर्षांनी येईल. तुम्ही सुपरवायझर व्हाल, मुख्याध्यापक व्हाल, एखादीचा स्वतःचा कारखाना असेल. तेव्हा लिहिणारा हात तुमचा असेल. अहवालाच्या पहिल्या पानावर, यंत्राच्या आराखड्यावर, शाळेच्या फळ्यावर, ज्याने खरं काम केलं त्याचं नाव लिहा. पूर्ण लिहा. 'आमचा एक पोरगा' असं म्हणू नका. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही.

सुरुवात आजच करता येईल. थोड्या वेळाने तुमच्या हातात पदवीचा कागद येईल. त्यावर एकच नाव असेल, तुमचं. तुमच्या फीसाठी घरात कुणी काय विकलं, पहाटेच्या एसटीसाठी कुणी चारला उठून डबा केला, त्यांचं नाव त्या कागदावर छापलेलं नाही. घरी गेल्यावर एक पेन्सिल घ्या. कागदाची मागची बाजू कोरी आहे.