तव्यामागचं '१८९१' खरं मानायचं का?

आज बोलूया बिडाच्या तव्याबद्दल. पण आपल्याकडच्या नाही, अमेरिकेतल्या. मी इथे ओहायोत नोकरी करते आणि ओळखीतल्या मराठी लोकांचे मेसेज सारखे येतात: "गराज सेलमध्ये जुनं स्किलेट मिळतंय, मागे १८९१ लिहिलंय. घेऊ का?" धिरडी-थालीपिठाला ते झकास असतं, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

आधी ते १८९१. वॅग्नर कंपनी ओहायोतल्याच सिडनी गावात १८९१ साली सुरू झाली. शंभरी भरली म्हणून १९९१ मध्ये '१८९१ ओरिजिनल' नावाची भांडी काढली. म्हणजे तो आकडा कंपनीच्या जन्माचा, तव्याच्या नाही! तसंच मोठ्ठा '८' म्हणजे आठ इंच नव्हे. तो जुन्या लाकूड-कोळशाच्या स्टोव्हच्या भोकाचा नंबर. आठ नंबरचा तवा वरून साधारण साडेदहा इंच भरतो.

आम्ही कोड वाचताना कॉमेंटवर भरवसा ठेवत नाही, कोड काय करतो ते बघतो. इथेही तेच. तवा उलटा करा. बुडावर मधोमध सरळ, ओबडधोबड वण दिसतो? तिथून लोखंड ओतलेलं असतं. असा तवा बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातला. कडेने गोल उंचवटा असेल, तर तो स्टोव्हच्या भोकात बसवण्यासाठी. 'मेड इन यूएसए' लिहिलंय? मग साधारण १९६० नंतरचा. ग्रिसवोल्डचा, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा तवा असेल, तर वर्तुळातला क्रॉस बघा. मोठा असेल तर साधारण १९२०-३० च्या दशकांतला. छोटा असेल तर त्यानंतरचा. ईरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद झाला.

नकली कसा ओळखायचा? अस्सल तव्यावरून साचा काढून नवा ओततात. पण ओतलेलं लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको. म्हणजे साडेदहा इंचात अडीच-तीन मिलिमीटर कमी, आणि अक्षरंही पुसट. टेप सोबत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी लोक बंदुकीच्या गोळ्या, गळाची वजनं ओतायला घरच्याच तव्यात शिसं वितळवायचे. हे कुठल्याही शिक्क्यावरून कळत नाही. माझ्या मैत्रिणीने लेकीच्या धिरड्यांसाठी सुंदर, अस्सल जुना तवा आणला होता. काळा थर काढून शिशाची टेस्ट केली, स्वॅब लाल झाला. तो तवा आता तिच्या भिंतीवर आहे, गॅसवर नाही. घासून किंवा सीझनिंग करून त्यावर स्वयंपाक करायचा विचारही नको.

तेव्हा जुना तवा किती सालचा ते सावकाश शोधा. स्वॅब मात्र पहिल्या धिरड्याच्या आधी.

भेटू पुढच्या भागात!