‘लिमिटेड’ म्हणजे लिस्टेड नव्हे

आपल्या कळंबमधल्याच एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीय. बाबांना जमिनीचे पैसे मिळालेत आणि एक एजंट घरी चकरा मारतोय. म्हणतो, “काका, कंपनी पब्लिक लिमिटेड आहे, सरकारी रजिस्ट्रेशन आहे. आत्ता शेअर घ्या, लवकरच लिस्ट होणार.” पोरगा विचारतोय, दादा, घेऊ का?

आधी ‘लिमिटेड’चा अर्थ बघू. कंपनी बुडाली तर शेअरधारकाचे शेअरमधले पैसे जातात, पण कंपनीला कर्ज देणारे त्याच्या घरावर येऊ शकत नाहीत. जबाबदारी मर्यादित, म्हणून लिमिटेड. ही ढाल आहे, परताव्याची हमी नाही.

आणि पब्लिक लिमिटेड कंपनी काढायला २०१३च्या कायद्याप्रमाणे लागतं काय? किमान ७ शेअरधारक, ३ संचालक. पूर्वी किमान ५ लाखांचं भांडवल लागायचं, २०१५मध्ये ती अटही गेली. म्हणजे कळंब बीचवरची आमची क्रिकेट टीमसुद्धा कागद नीट भरले तर पब्लिक लिमिटेड होऊ शकते!

आता माझ्या आवडीची गोष्ट. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा सीआयएन असतो आणि लेटरहेडवर तो छापावाच लागतो. रिलायन्सचा बघा: एल १७११० एमएच १९७३ पीएलसी ०१९७८६. एमएच म्हणजे महाराष्ट्र, १९७३ हे नोंदणीचं वर्ष, पीएलसी म्हणजे पब्लिक लिमिटेड. १७११० हा धंद्याचा कोड, चक्क कापडाचा! सुरुवात तिथून झाली ना. पण आपल्या कामाचं अक्षर पहिलंच. एल म्हणजे लिस्टेड, यू म्हणजे अनलिस्टेड.

यू असलेली कंपनी लबाडच असते असं नाही. पण एल झाल्यावर बंधनं वाढतात. शेअर बाजारात येण्याआधी सेबीकडे सगळी माहिती उघड करायची. साधारणपणे किमान २५ टक्के शेअर लोकांच्या हातात. संचालक मंडळात किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक. तिमाही निकाल ४५ दिवसांत. तरी भाव पडू शकतो, पण विकून बाहेर पडायला बाजार तरी असतो.

आपल्या वसईत शेअर म्हटलं की घरच्यांना सहकारी बँक आठवते. तिथे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. त्यामुळे ‘बँकेचे घेतले तसेच हे’ हा हिशोब इथे चालत नाही.

आता एजंटकाकांकडे वळू. अनलिस्टेड कंपनी खासगीरीत्या शेअर विकू शकते, पण एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना (कर्मचारी आणि मोठ्या संस्था सोडून), तेही नावानिशी पत्र देऊन. जाहिरात करायची नाही, एजंट लावून गावभर सांगायचं नाही. पैसे बँकेतूनच, रोख अजिबात नाही. त्यामुळे काका दारोदार फिरत असतील आणि रोख मागत असतील, तर भावा, बाबांना तिथेच थांबव.

पॅनकार्ड क्लब्ज आठवतंय? हॉटेलच्या खोल्यांच्या नावावर सेबीच्या परवानगीशिवाय पैसे गोळा केले. २०१६मध्ये सेबीने परत करायला सांगितलेली रक्कम ७ हजार कोटींच्या वर होती, गुंतवणूकदार ५० लाखांहून जास्त. तिच्याही नावापुढे ‘लिमिटेड’ होतंच.

तर आज संध्याकाळी एजंटकडून सीआयएन मागून घे. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाक आणि वर्ष, भांडवल, संचालक बाबांना शेजारी बसवून वाचून दाखव.