एम्.एस्सी. असूनही



व्याख्यान देण्याइतकी काही मी मोठी नव्हे. चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून माझीच फजिती सांगते.

रसायनशास्त्रात एम्.एस्सी. झाले आणि संसाराला लागले. 2010 साली जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले, तात्पुरती म्हणून. आठ वर्षांनी कायम जागा निघाली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “बी.एड्. आहे का?” नव्हते. त्या जागेवर माझीच एक विद्यार्थिनी आली. तिने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला आणि घरी येऊन रडले.

मग चौकशी केली. ती आधी करायला हवी होती! वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर बी.एड्. लागत नाही, एम्.ए., एम्.एस्सी.ला 55 टक्के गुण असले की नेट किंवा सेट द्यावी. आपली सेट पुणे विद्यापीठ घेते, आणि तिला वयाची अट नाही. नववीपासून बारावीपर्यंत मात्र बी.एड्. हवेच. पूर्वी ते एका वर्षाचे होते, 2015 पासून दोन वर्षांचे झाले. पदव्युत्तर झालेल्यांसाठी बी.एड्.-एम्.एड्. असा तीन वर्षांचा जोड अभ्यासक्रमही आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात आपल्यासारख्यांसाठी एका वर्षाचे बी.एड्. सुचविले आहे. पहिली ते पाचवीची वाट मात्र निराळी. तेथे नुसते बी.एड्. चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली निकाल दिला.

मी दोन वर्षांचे बी.एड्. धरले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, सून यायच्या वयात तू दप्तर घेणार?” पण डबा त्याच भरून देत.

खरे सांगू? मनात वाटे, मला काय शिकविणार हे! पहिल्या सराव पाठाला मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसल्या. पाठ संपल्यावर वहीत शेरा होता : “पस्तीस मिनिटांच्या तासात आपण एकतीस मिनिटे बोललात.” आठ वर्षे मी तशीच बोलत आले होते, आणि मुले गप्प बसतात म्हणून वर्गात शिस्त आहे, असे समजत होते. पुढच्या पाठाला लिंबू, हळद आणि साबण घेऊन गेले. मुलांनीच प्रयोग केले. टेबल पिवळेलाल झाले, शिपाईमामा रागावले.

आज मी अकरावीला शिकविते. आपल्या मंडळात एम्.ए., एम्.एस्सी. झालेल्या पाच-सहाजणी तरी आहेत. येत्या शनिवारी चारला मी येथेच बसेन. गुणपत्रिका कपाटातून काढून आणा. कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे, एवढे मात्र ठरवून या.