औषधदान आणि आजीबाईचा बटवा



आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानांत औषधदानाचे स्थान मोठे आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस व मधु वर्ज्य करूनही रोगनिवारण साधते, हा त्याचा विशेष होय. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या सभेत आचार्यांनी मांसभक्षणाचे खंडन केल्याचे ग्रंथाच्या अखेरीस नमूद आहे. १९४० साली हा ग्रंथ सोलापुरातून प्रकाशित झाला.

तोच विवेक जैन घरांतील आजीबाईच्या बटव्यात उतरला. खोकल्यावर अडुळशाचा काढा मधाऐवजी खडीसाखर घालून दिला जाई. ओले आले अनंतकाय, म्हणून सुंठ वापरली जाई. अपचनावर ओवा व सैंधव, पोट साफ होण्यासाठी हिरड्याचे चूर्ण, तेही सूर्यास्तापूर्वी. वनस्पती हा एकेंद्रिय जीव, म्हणून पाने गरजेपुरतीच तोडली जात.

मात्र मर्यादेचे भानही हवे. ज्वर उतरत नसेल, धाप लागत असेल, तर काढ्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाणे लांबविणे हा अहिंसेचा मार्ग नव्हे. रुग्णाचा जीव वाचविणे हेच औषधदानाचे मर्म आहे.

हे ज्ञान बहुतांशी वृद्ध मातांच्या स्मरणातच उरले आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त घरोघरी ते प्रमाण व पथ्यासह लिहून ठेवले गेले आणि जाणत्या वैद्यांनी तपासले, तर पुढील पिढीला तेच खरे औषधदान ठरेल.

जय जिनेंद्र!