कनिष्ठ वकिलांचा कैवारी कोण?

(वकील आणि नागरिक यांच्या संयुक्त सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना असे वाटले असेल की, हा वकिलांच्या घरचा मामला आहे. त्यात नागरिकांनी कशाला पडावे? माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याला दोन-चार वर्षे कमाईवाचून काढता येतात तोच वकिलीत टिकणार असेल, तर उद्या तुमच्या जमिनीचा, वारसाचा किंवा जामिनाचा प्रश्न मांडावयास कोण उभा राहणार, हे आजच ठरून जाते. शेतकऱ्याचा, विणकराचा, हमालाचा मुलगा सनद मिळवूनही दुसऱ्या वर्षी काळा कोट खुंटीला टांगून निघून गेला, तर ते नुकसान त्याचे एकट्याचे नव्हे. ते त्याच्या गावाचे आहे.

कनिष्ठ वकिलाचा दिनक्रम येथील वकिलांना ठाऊक आहेच, नागरिकांसाठी सांगतो. सकाळी ज्येष्ठांच्या कचेरीत कागद वाचावयाचे, दावा-कैफियतीचे मसुदे करावयाचे, नकलांचे अर्ज द्यावयाचे, मागील निवाडे धुंडाळावयाचे. दुपारी ज्येष्ठ दुसऱ्या कोर्टात गुंतले असता पुढील तारीख मागावयाची, आणि ती मागताना न्यायाधीशांचा रोषही आपणच झेलावयाचा. महिनाअखेर हाती काय पडते? कोठे प्रवासखर्च, कोठे सणासुदीचे पाकीट, आणि कोठे केवळ आशीर्वाद!

मग त्याने दुसरा उद्योग का करू नये? कारण वकील परिषदेच्या नियमांनी ते दरवाजे बंद केले आहेत. सनदधारकाला पूर्णवेळ पगाराची नोकरी करता येत नाही. त्याला जाहिरात करता येत नाही, कामासाठी कोणाच्या दारी जाता येत नाही. कायदेविषयक साहाय्याच्या सरकारी यादीत नाव घालावे म्हटले, तर २०१० च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या आतील वकिलाला तेथे साधारणतः प्रवेश नाही. हे निर्बंध व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे रास्तही आहेत. परंतु जो व्यवसाय आपल्या नवागताला बाहेर कमावू देत नाही, त्याने त्याला आत उपाशी ठेवावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे दुःख आजचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईस आले, तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसेही त्यांच्यापाशी नव्हते; नवल भथेना या मित्राने ती अडचण निवारली. सनद मिळाली, तरी अस्पृश्यतेच्या शापामुळे सॉलिसिटर मंडळी त्यांना काम देईनात. १९२५ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी एका हिशेब-शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. त्याच काळात, १९२६ साली, पुण्याच्या ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात त्यांनी आरोपींची सुटका करविली. बुद्धीची उणीव कोठे होती? उणीव होती ती पाठीराख्याची. एवढ्या विलक्षण पुरुषाने तो काळ निभावून नेला. परंतु प्रत्येक कनिष्ठाने आंबेडकर असावे, अशी अट घालणारा व्यवसाय न्यायाचा व्यवसाय म्हणविला जाईल काय?

यावर ज्येष्ठांचा पहिला आक्षेप असा की, ‘आम्हीही हेच सोसले आणि घडलो.’ जे सोसून घडले त्यांना माझा प्रणाम. परंतु जे सोसता न आल्याने निघून गेले, ते आज या सभेत बोलावयास नाहीत. टिकलेल्यांच्या साक्षीवर निवाडा देणे हा एकतर्फी हुकूमनामा झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘तालुक्याच्या गावी ज्येष्ठाचीच कमाई ती किती? तो वेतन कोठून देणार?’ हे खरे आहे. म्हणूनच हा भार एकट्या ज्येष्ठावर टाकून भागणार नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षांपर्यंत दरमहा पाच हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. केरळातही पाच हजारांपर्यंतच्या मासिक साहाय्याचा आदेश २०१८ मध्ये निघाला. तेव्हा शासनाच्या तिजोरीला हा भार अगदीच अपरिचित आहे, असे कोणी म्हणू नये.

अलीकडच्या तीन घटना या संदर्भात ध्यानात घेण्यासारख्या आहेत. सनदेचे शुल्क कायद्याने सातशे पन्नास रुपये असताना काही राज्यांच्या परिषदा निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत. ओडिशात हा आकडा चाळीस हजारांवर गेला होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी यापुढे बेकायदा ठरविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय वकील परिषदेने कनिष्ठांना शहरांत वीस हजार व ग्रामीण भागांत पंधरा हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. परिपत्रक उत्तम, परंतु ते शिफारशीचे आहे, सक्तीचे नाही. तिसरी घटना २० मे २०२५ ची. दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घातली, आणि त्या वकिलीचा दाखला किमान दहा वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलालाही देता येईल, असे ठरविले. अनुभव हवा, हे मान्य. परंतु ज्याच्या कचेरीत वेतनावाचून राबावयाचे, त्याच्याच सहीवर पुढचे भवितव्य अवलंबून असेल, तर त्या कनिष्ठाने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे?

येथेच प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा राहतो. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे राज्य परिषदेवर निवडून येणाऱ्यांपैकी शक्यतो निम्मे सभासद किमान दहा वर्षे वकिली केलेले असले पाहिजेत. अनुभवाला अशी हमी आहे, तारुण्याला नाही. सीमेच्या या अंगाचे वकील कर्नाटकाच्या परिषदेच्या पटावर, त्या अंगाचे महाराष्ट्र व गोव्याच्या. पण कायदा दोहोंकडे तोच. राखीव जागांची कल्पना वकिलांच्या संस्थांना नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या वकीलसंघात कार्यकारिणीच्या किमान एकतृतीयांश जागा २०२४ पासून स्त्रियांसाठी ठेवण्यात आल्या. त्याच न्यायाने प्रत्येक तालुका व जिल्हा वकीलसंघाने आपल्या कार्यकारिणीत दहा वर्षांच्या आतील वकिलांसाठी दोन जागा राखाव्यात. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. संघाची घटना संघाच्याच हाती आहे.

त्याबरोबर आणखी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक संघाने एक साहाय्यनिधी उभारून पहिल्या तीन वर्षांतील गरजू वकिलाला प्रवास व पुस्तके यांपुरते तरी साहाय्य द्यावे. कनिष्ठाने मसुदा केला वा उलटतपास घेतला, तर फीमधील त्याचा वाटा आधी ठरवून द्यावा. ती कृपा नव्हे, मोबदला आहे. आणि कचेरीतील तंटा ऐकावयास त्या कचेरीशी संबंध नसलेल्या दोघा-तिघा ज्येष्ठांची समिती असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. आपल्याकडील अपिले २००८ पासून धारवाडास चालतातच. उच्च न्यायालय दाराशी आले. पण तेथवर जाण्याचे भाडे ज्याच्या खिशात नाही, त्या कनिष्ठाला ते दूरच राहणार.

तरुण मित्रांनो, हक्काबरोबर एक कर्तव्यही सांगतो. कामावाचून वेतन मागू नका, आणि अभ्यासावाचून कोर्टापुढे उभे राहू नका. आपली मागणी तुमच्या तयारीनेच बळकट होईल.

आणि नागरिकहो, तुमच्या प्रकरणात एखादा तरुण वकील उभा राहिला, तर ‘मोठे साहेब कोठे आहेत?’ असे लगेच विचारू नका. त्याचे कागद पाहा, त्याचा युक्तिवाद ऐका, आणि त्याची फी त्याच्या हाती द्या. आज ज्याला आपण उभे राहू देऊ, तोच उद्या आपल्या मुलाबाळांची बाजू मांडावयास उभा असेल.