पाहुण्याला उघडे, नजरेला बंद

अरबी घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणरणते ऊन आणि जाड भिंती येतात. घर असे का, तर उन्हामुळे, असे सोपे उत्तर आपण देऊन टाकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. भिंत किती जाड हवी हे उन्हाने ठरवले. पण दार कुठे असावे, खिडकी किती उंचीवर असावी आणि पाहुण्याने कुठपर्यंत यावे, हे ठरवले समाजाच्या रीतीभातींनी.

यातल्या दोन रीती फार बळकट. पहिली आतिथ्याची. दारी आलेल्याला बसवणे, कॉफी देणे, जेवू घालणे हा यजमानाच्या अब्रूचा प्रश्न. दुसरी रीत ‘हुर्मत’, म्हणजे घराचे पावित्र्य आणि घरातल्या स्त्रियांचा आडपडदा. ‘हरम’ हा शब्दही त्याच धातूचा. परवानगी मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, असे कुराणाच्या ‘अन्-नूर’ या अध्यायात सांगितले आहे. आता एक रीत म्हणते दार उघडा, दुसरी म्हणते आत नजर जाऊ देऊ नका. या ओढाताणीतून जी तडजोड निघाली, ती म्हणजे जुने अरबी घर.

दमास्कसच्या जुन्या शहरात गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंना दिसतात त्या साध्या, जवळजवळ कोऱ्या भिंती. कोणते घर श्रीमंताचे आणि कोणते गरिबाचे, हे बाहेरून कळणे कठीण. दारातून आत गेले की बोळ काटकोनात वळतो, त्यामुळे दार सताड उघडे असले तरी रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसत नाही. बोळ संपला की एकदम मोकळे अंगण, मधोमध कारंजे, लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडे, जाईचा वेल. अंगणाच्या एका बाजूला तीन भिंतींचा उंच ‘इवान’. त्याचे तोंड उत्तरेला, म्हणजे उन्हाळ्यात तिथे सावली. मोठ्या घरांत अंगणेही वेगळी: बाहेरचे ‘बर्रानी’ पाहुण्यांसाठी, आतले ‘जुव्वानी’ कुटुंबासाठी. उस्मानी सुभेदार असद पाशा अल-अझम याने १७५०च्या सुमारास बांधलेल्या वाड्यात ही विभागणी आजही पाहायला मिळते. आपल्याकडच्या वाड्यांतही ओसरी, चौक, माजघर अशी उतरंड होतीच. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

कैरोमध्ये ‘बैत अल-सुहैमी’ नावाचे घर आहे. ते १६४८ साली बांधले गेले आणि १७९६ साली वाढवले गेले. त्याच्या वरच्या मजल्यावर ‘मशरबिया’ आहेत, म्हणजे कातीव लाकडी मण्यांच्या जाळीच्या पुढे आलेल्या खिडक्या. त्यांतून वारा येतो, ऊन मोडते, आतल्या बाईला बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. एका जाळीने हवामान आणि रीत, दोन्ही सांभाळले.

हा नियम केवळ आपल्या घरापुरता नव्हता. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी ही तक्रार करण्याजोगी गोष्ट होती. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अल-रामी नावाच्या गवंड्याने बांधकामाच्या अशा तंट्यांवर ग्रंथच लिहिला. दुसऱ्याला इजा होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व.

मात्र सगळी अरबी घरे अंगणाचीच, असे नाही. येमेनमधल्या सना शहरात घरे मनोऱ्यासारखी उंच. खाली जनावरे आणि कोठार, मध्ये कुटुंब, सर्वांत वर ‘मफ्रज’ ही बैठकीची खोली. म्हणजे पाहुण्याला कुटुंबाचे मजले ओलांडूनच वर जावे लागते. म्हणून पुरुष जिना चढताना मोठ्याने ‘अल्ला, अल्ला’ म्हणतात. बायकांना आडोशाला व्हायची ती सूचना. जिथे भिंत आड घालता येत नाही, तिथे आवाजाची भिंत!

आता एक प्रश्न विचारायलाच हवा. या सोयीची किंमत कोणी मोजली? अंगणातले आकाश बाईचे होते, पण रस्ता पुरुषांचा होता. ज्या भिंतीने तिला जपले, तिनेच तिला अडवलेही. जुन्या घरांचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

पण त्या रीतींची दखलच न घेता घर बांधले तर काय होते, हेही दिसले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, तेलाच्या पैशाबरोबर आखाती देशांत परदेशी धाटणीचे आराखडे आले. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, मध्यभागी बंगला आणि चोहोबाजूंनी मोकळी जागा. अंगण घराच्या पोटातून निघून घराभोवती गेले आणि खिडक्या थेट शेजाऱ्याच्या खिडक्यांसमोर आल्या. मग लोकांनी कुंपणावर पत्रे लावून भिंती उंच केल्या, खिडक्यांवर जाड पडदे ओढले, गच्च्या वापरणे सोडले. उजेड-वारा देण्यासाठी काढलेल्या खिडक्या बंद राहिल्या आणि घर विजेवर थंड करावे लागले. पाहुण्यांची ‘मजलिस’ मात्र टिकली, बऱ्याचदा स्वतंत्र दारासह.

रीती बदलतात, बदलायलाही हव्यात. सौदी अरेबियात २०१८पासून स्त्रिया मोटार चालवू लागल्या. तिथले उद्याचे घर कालच्यासारखे असणार नाही. पण तेही नुसत्या नकाशावर ठरू नये. या घरात कोण येणार, कुठपर्यंत येणार, कोणाला मोकळे बसायचे आहे, हे आधी विचारावे लागेल. जुन्या गवंड्याला ते विचारावे लागत नव्हते, कारण तो त्याच गल्लीत वाढला होता. आजच्या वास्तुरचनाकाराने ते विचारले पाहिजे, आणि या वेळी घरातल्या बायकांनाही विचारले पाहिजे.