माळव्याच्या पावसाची वही

 बदनावर हे पवारांच्या जुन्या धार संस्थानातले गाव. काळ्या कसदार जमिनीचे, गव्हा-सोयाबीनचे. हवामान बदलाच्या शिक्षणावरचे संमेलन एखाद्या महानगरात न भरता इथे भरते आहे, याचा स्वागत समितीला विशेष आनंद आहे.

बदनावर तहसिलीतल्या भैंसोला गावी सप्टेंबर २०२५ मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. रोजगार येणार म्हणून घराघरात आशा आहे आणि ती रास्त आहे. पण सूत रंगवायला पाणी लागते, यंत्रे चालवायला वीज लागते आणि रंगाचे पाणी कुठेतरी सोडावे लागते. आज सहावीत बसलेली मुलगी उद्या तिथे कामाला जाईल, किंवा त्याच भूजलावर शेती करील. हे पाणी येते कुठून, जाते कुठे, हे तिने शाळेतच विचारायला शिकले पाहिजे. या प्रश्नापासून दूर राहणारे पर्यावरण शिक्षण तिच्या काय उपयोगाचे?

पाऊल टाकावे तिथे पाणी, अशी माळव्याची ख्याती होती. देवासची कोरडी हवा प्रकृतीला मानवेल म्हणून गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे आले आणि माळव्याच्या लोकगीतांतून, ऋतूंतून त्यांनी पुढे ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे कार्यक्रम उभे केले. त्याच देवासमध्ये एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पाण्याचे टँकर घेऊन आगगाडी आली. गावोगावच्या विहिरी-तलावांकडे पाठ फिरवून लोक नलिकाकूपांच्या मागे लागले होते. माळव्याचा खडक बेसाल्टचा, त्याच्या पोटात पाणी साठायला जागा थोडी. उपसा वाढला आणि भरणा थांबला. ही गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे, कारण यात दुष्काळाइतकाच माणसाच्या निर्णयांचा हात आहे.

या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. २००६ मध्ये उमाकांत उमराव देवासचे जिल्हाधिकारी झाले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता त्यांनी आधी मोठ्या शेतकऱ्यांना गाठले आणि आपल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्या, असा हिशेब मांडला. जमीन गेली तरी दुसरे पीक हाती येते, हे एकाने पाहिले, मग शेजाऱ्याने पाहिले. टोंकखुर्दच्या परिसरात तळी होत गेली, त्यांना ‘रेवासागर’ हे नाव मिळाले आणि काही वर्षांत जिल्ह्यात त्यांची संख्या हजारांत गेली. गणिताच्या तासाला क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण कोणते? शाळेजवळच्या तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजा, पावसाचे आकडे घ्या आणि पाणी किती दिवस पुरेल ते काढा.

धार जिल्ह्यात तर असे वर्ग शतकांपूर्वीच बांधून ठेवले आहेत. मांडवगडाच्या पठारावर नदी नाही. तरी तिथे एक राजधानी नांदली ती पावसाच्या पाण्यावर. जहाज महालाच्या एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. छतावरचे पाणी पन्हळींतून उतरे आणि हौद-बावड्यांत साठे. मुलांच्या सहली दरवर्षी मांडवगडला जातात, राणी रूपमतीची कथा ऐकतात आणि परत येतात. त्यातला एक तास पाण्याच्या वाटा शोधण्यात घालवावा, अशी समितीची कळकळीची सूचना आहे. धार शहराच्या साडेबारा तलावांची ख्याती आहे. त्यांतला प्रत्येक आज कुठल्या अवस्थेत आहे, याचा नकाशा आठवीचा एक वर्ग सहज करील.

बदनावरशेजारच्या सरदारपूर तहसिलीत १९८३ पासून तणमोरांचे अभयारण्य आहे. हिंदीत खरमोर म्हणतात तो हा पक्षी. पावसाळ्यात तो विणीसाठी माळरानावर येतो आणि नर गवताच्या वर उंच उड्या मारून मादीला बोलावतो. गवत वाढले नाही की त्याचे सारे वेळापत्रक बिघडते. या अभयारण्यामुळे गावकऱ्यांवर जमिनीच्या खरेदी-विक्रीचे निर्बंध आले आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे सोसले. पक्षी वाचवायचा आणि शेतकऱ्यालाही न्याय द्यायचा, हा पेच मुलांसमोर उत्तर न सांगता ठेवावा. ती त्यावर वाद घालतील. घालू द्यावा.

ऋतू सरकले आहेत हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून परतीला लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. सोयाबीन काढणीला आलेले असताना पाऊस रेंगाळला तर शेंगेतच दाणा खराब होतो. जगाच्या तापमानाचा आलेख मुलांना दाखवायचाच आहे, पण त्याची सुरुवात या शेंगेपासून झाली तर तो आलेख त्यांना आपला वाटेल.

देशात कायद्याची बाजू नवी नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. विषय आला, पुस्तक आले, पाठांतरही आले. वेगळी वाट याच राज्याने दाखवली होती. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो वाढवला आणि देवासमध्येही तिचे केंद्र उभे राहिले. मुले स्वतः प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक घेऊन बसत आणि ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्र लिहून प्रश्न विचारत. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले, याची खंत इथल्या जुन्या शिक्षकांच्या मनात आजही असेल. जे परीक्षेत विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे त्या शिक्षकांनी ओळखले होते, म्हणून त्यांनी परीक्षाच बदलली. हवामानाच्या शिक्षणालाही हेच करावे लागेल.

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हिवरे बाजार या गावाची गोष्ट सांगायला नको. तिथे पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभा ठरवते. इटलीने २०१९ मध्ये शाळांत वर्षाला ३३ तास हवामान बदलाच्या विषयाला देण्याचे जाहीर केले, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक तास. इतका वेळ आपल्या वेळापत्रकातही निघेल.

स्वागत समितीची संमेलनाकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. पहिली, प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक असावा आणि जवळच्या एका विहिरीची पातळी दर महिन्याला मोजली जावी. हे आकडे एका वहीत लिहावेत आणि ती वही एका वर्गाने पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. दुसरी, त्या नोंदींवरचा एक प्रश्न वार्षिक परीक्षेत गुणांसह विचारला जावा. यासाठी मोठा निधी लागत नाही, मुख्याध्यापकांची संमती आणि एका शिक्षकाची चिकाटी लागते. या दोन्ही मागण्यांचा ठराव उद्याच्या सत्रात मांडला जाईल. सर्वांनी तो तपासावा, सुधारावा आणि संमत करावा. अध्यक्षांनी आता कामकाजाला प्रारंभ करावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.